मीराचा मामा आणि बंद पडलेलं सरकार

अमेरिकेत पाऊल टाकून पुरते दोन दिवसही झाले नव्हते, तोवर मी तिथल्या राजकारणात हात घातला. मुद्दाम नाही. चहा करता करता झालं.

माझा चुलतभाऊ विलास आणि त्याची बायको शोभा खरेदीला बाहेर गेली होती. त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, मीराचं, लग्न आठवड्यावर आलं होतं, आणि त्याच लग्नासाठी मी आणि माझी बायको सुमन कोल्हापूरहून गेलो होतो. सुमन वर झोपलेली. तिची रात्र अजून कोल्हापुरातच अडकली होती. मी एकटाच खाली, हातात रिमोट, आणि रिमोट कसा चालतो ते ठाऊक नाही. इतक्यात बेल वाजली.

दारात साठीच्या एक बाई. गळ्यात ओळखपत्र, हातात कागद, काखेत पाटी, तोंडभर हसू. निवडणुकीचा प्रचार! मला एकदम माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. तोवर त्या देशात ओळखीचं असं काही दिसलंच नव्हतं.

आता आमच्याकडची रीत सांगतो. साखर कारखान्याची निवडणूक लागली की कसबा बावड्यात आमच्या दारात सकाळी कपबशीवाले यायचे, दुपारी विमानवाले आणि दिवेलागणीला एखादा अपक्ष. वडील तिघांनाही बसवायचे, तिघांनाही चहा पाजायचे आणि तिघांनाही सांगायचे, "तुमालाच की! ते काय सांगाय पायजे व्हय?" तिघंही समाधानानं उठायचे. हे सगळ्यांना सांगितलंय, हे त्यांनाही ठाऊक असायचं. मत पेटीत टाकायचं असतं. दारात आलेल्या माणसाला चहाच द्यायचा असतो.

त्या संस्कारात वाढलेला मी. बाईंना बसवलं, आलं घालून चहा दिला. त्यांनी पाटी हिरवळीवर लावू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, "येस येस, ओन्ली यू." त्या खूश होऊन गेल्या. तासाभरानं टोपी घातलेला एक उंच गृहस्थ आला, दुसऱ्या पक्षाचा. त्यालाही चहा. त्यालाही ओन्ली यू. त्यानं बाहेरच्या पाटीकडं बराच वेळ पाहिलं आणि या घरात दोन कुटुंबं राहतात का, असं विचारलं. मी अभिमानानं सांगितलं, एकच. त्यानं आपली पाटी हिरवळीच्या पार दुसऱ्या टोकाला ठोकली आणि मागं वळून वळून बघत गेला.

विलासची गाडी आली ती फाटकाशीच थांबली. समोरच्या घरातला माणूस खिडकीत, शेजारची बाई कुत्र्यासकट रस्त्यावर. विलास उतरला, दोन्ही पाट्या उपटून गॅरेजात टाकल्या आणि आत येऊन कपाळाला हात लावून बसला.

"दादा, काय केलंसा ह्ये?"

"अरे, दारात आलती माणसं. न्हाय कसं म्हणायचं?"

"इथं न्हाय म्हणायचं असतंय. एकाला तरी. इथं पाटी म्हंजे आता जात झालीया."

तिथल्या दोन पक्षांचे रंग लाल आणि निळा. विलास त्यातला कुठला, हे मी लिहिणार नाही. लिहिलं की वाचणारे निम्मे त्याच्या बाजूला जातील, निम्मे उठून जातील आणि मीराचं लग्न बाजूलाच राहील. तिकडं तसंच झालं होतं.

नदीकाठचं कुलूप

आम्ही गेलो तेव्हा तिथलं सरकार बंद होतं. हे वाक्य मला विलासनं तीनदा सांगितलं तेव्हा कळलं. आपल्याकडं सरकार पडतं. पण पडलं तरी तहसील कचेरी उघडी असते, आणि शिपाई बाकावर बसून "साहेब जेवाय गेल्यात" म्हणायला हजर असतो. तिथं सरकार पडत नाही, बंद होतं. खर्चाचा ठराव दोन्ही पक्षांनी मिळून मंजूर करायचा असतो. एकानं मान डोलवली की दुसरा हटकून मान फिरवतो, आणि ठराव राहिला की कुलूप. विलास नद्यांची पातळी मोजणाऱ्या सरकारी खात्यात आहे. त्याला घरी बसायला सांगितलं होतं. कामाची सवय जाईना म्हणून तो रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसायचा आणि टीव्हीवर दुसऱ्या पक्षाला शिव्या द्यायचा.

एक दिवस त्यानं आम्हाला राजधानी दाखवली. म्हणजे राजधानीची दारं दाखवली. पांढऱ्या घुमटाची इमारत लांबून पाहिली, आणि एका संग्रहालयाच्या बंद दारापुढं सुमनचा फोटो काढला. रस्त्याच्या या कडेला एक घोळका फलक घेऊन ओरडत होता, पलीकडच्या कडेला दुसरा. मधे एक पाववाला गाडा लावून दोन्हीकडच्या लोकांना पाव विकत होता. मला त्याचा फार आधार वाटला. आपल्यातलाच वाटला.

पण खरा घोटाळा पुढंच होता. मीराचं लग्न ठरलं होतं एका सरकारी उद्यानात, नदीकाठच्या दगडी मंडपात. जागा शोभानं निवडली होती. शोभा कुरुंदवाडची. तिथली नदी बघून तिला माहेरचा घाट आठवायचा, म्हणून वर्षभर आधी परवानगी काढून ठेवलेली. मुहूर्त रविवारचा, कारण रविवारी सगळ्यांना सुट्टी आणि गाड्या लावायला जागा. तुळशीचं लग्न व्हायच्या आधी माणसाचं लग्न, हे सुमनला पटलं नव्हतं. पण ती परदेशात आहे म्हणून गप्प होती. इतकी गप्प मी तिला कधी पाहिलेली नाही.

आम्ही जागा बघायला निघालो. मीरा गाडी चालवत होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना झाडी, आणि त्या झाडीचे रंग काय सांगू! गुऱ्हाळावर काहिलीत उसाचा रस उकळताना जसा बदलत जातो, आधी हिरवट, मग पिवळा, मग मधासारखा आणि शेवटी पुरा गुळाचा, तसं एकेक झाड एकेका पायरीवर उभं होतं. मला तर वासही आला. लहानपणी काहिलीच्या कडेला उसाचं कांडं धरून उभं राहायचो, तो वास. "कसला वास घेताय?" सुमन म्हणाली, "एसी लागलाय. काचा बंद हाईत."

उद्यानाच्या फाटकाला आडवी साखळी आणि पाटी: बंद. लांबून मंडप दिसत होता, त्याच्या मागं नदी चमकत होती, आणि मधे साखळी. रुंद टोपीची एक रखवालदार बाई चालत आली. पगार बंद, काम चालू, अशातली. मीरानं परवानगीचा कागद दाखवला. तिनं तो शेवटपर्यंत वाचला आणि मान हलवली. ज्या सरकारनं ही परवानगी दिली ते आत्ता नाही, म्हणाली.

मी मधे पडलो. आपल्याकडं अशा वेळी काय करतात ते मला माहीत होतं. मी मीराला म्हटलं, "ह्यांना विचार, इथला नगरसेवक कोण? एक फोन लावूया."

मीरानं विचारलं की नाही कोण जाणे, पण बाई हसली. मग मी थेट माझ्या इंग्रजीत विचारलं, हे बंद केलं कुणी?

ती म्हणाली, "माझा नवरा म्हणतो, त्यांनी केलं. माझे वडील म्हणतात, दुसऱ्यांनी केलं. मी या विषयावर आता फक्त हरणांशी बोलते."

घरी आल्यावर विलास म्हणाला, "बघितलंसा? त्यांनीच केलं ह्ये." शोभानं हातातला कुकर ओट्यावर आपटला.

शोभाचा भाऊ

त्या संध्याकाळी शोभा भाजी निवडता निवडता रडायला लागली. जागा गेली म्हणून नाही. सुमननं विचारल्यावर तिनं सांगितलं, "वहिनी, जागा कुठं बी मिळंल. पण तानाजी न्हाई येणार. पोरीचा मामा न्हाई येणार."

तानाजी शोभाचा धाकटा भाऊ. विलासनंच त्याला तिकडं बोलावून घेतलं. पहिली काही वर्षं तो विलासच्याच घरात तळघरात राहिला. मीराला खांद्यावर घेऊन हिंडायचा, तिला सायकल त्यानंच शिकवली. पुढं ट्रकांचा धंदा काढला, गोऱ्या गिऱ्हाइकांत तानाजीचा टोनी झाला. शनिवारी रात्री दोघं मेहुणे मिळून मटण करायचे. विलास लाल असेल तर तानाजी निळा, विलास निळा असेल तर तानाजी लाल, इतकंच सांगतो.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत फराळाला सगळी जमलेली असताना विषय निघाला. आवाज चढले. विलास तानाजीच्या पोरांसमोर बोलून गेला, "तुझ्यासारख्यांनी देश बुडवला." तानाजी ताटावरून उठला. अर्धं ताट टाकून. आमच्याकडं माणूस शिवी विसरतो, टाकलेलं ताट विसरत नाही. त्यानंतर फोन नाही, येणं नाही. आणि लग्नाचं आवतण विलासनं धाडलं ई-मेलनं. सगळ्यांना एकच. सख्ख्या मामालाही तेच.

मला विलास-शोभाचं लग्न आठवलं. शोभाचे वडील विमानवाले, आमचे काका, म्हणजे विलासचे वडील, कपबशीवाले, आणि कारखान्याची मतमोजणी नेमकी हळदीच्या दिवशी आलेली. विमान निवडून आलं. शोभाचे वडील गुलालानं माखलेल्या हातांनी थेट आमच्या दारात आले, काकांच्या तोंडाला तो गुलाल फासला आणि गरजले, "व्याही, पडलासा की ओ! आता उद्या पोरगी देतोय, ती तरी पदरात घ्या!" काका हसले, सगळं घर हसलं. दुसऱ्या दिवशी कुरुंदवाडात कपबशी आणि विमान एका पंगतीला जेवली. मी हे सगळं रंगवून सांगितलं आणि सुस्कारा टाकला. "काय माणसं होती!"

"व्हय," सुमन म्हणाली, "आणि म्होरं दोन वरसं तुमच्या काकांनी त्यांच्या उंबऱ्यात पाय ठिवला न्हवता, ते बी सांगा की."

आठवणींच्या बाबतीत सुमन कायम विरोधी पक्षात असते. तिचं खरंही असतं. पण मला गुलालच आठवतो, त्याला मी काय करू? आणि एक गोष्ट खरी. तेव्हा न्हाव्याच्या दुकानात एकच वर्तमानपत्र यायचं. कपबशीवाला आणि विमानवाला एकाच पानावर बोट ठेवून भांडायचे. आता विलासकडच्या टीव्हीवर जो चोर तो तानाजीकडच्या टीव्हीवर साव. भांडायला सुद्धा सामाईक काही उरलं नाही. कोल्हापुरात तरी वेगळं काय आहे म्हणा! माझाच पुतण्या मागच्या निवडणुकीत घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलाय, आणि आम्ही एका जिन्यानं चढतो-उतरतो.

रात्रीच्या जेवणाला मीरानं विचारलं, "बाबा, मग मला मंडपात कोण घेऊन येणार?"

आमच्याकडं नवरीला मामा हाताला धरून आणतो आणि मंगलाष्टका होईपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. बाप समोर, मामा पाठीमागं.

विलास ताटातून मान वर न करता म्हणाला, "दादा हाईत की. दादा हुभं ऱ्हातील."

मी जरा सावरून बसलो. फेटा कुठला बांधावा इथवर माझी गाडी गेली होती.

"ह्ये?" सुमन म्हणाली. "ह्ये बाच्या नात्यातलं. ह्ये मामा कसं हुतील? उद्या म्हणशीला, आत्या बी हुतील."

मीरा हसली नाही. ती तिच्या त्या सावकाश, एकेक शब्द पुसून ठेवल्यासारख्या मराठीत म्हणाली, "काका, प्लीज राग नको. मला जागा भरायची नाहीये. मला माझा मामा पाहिजे."

तानाजीच्या घरी

दुसऱ्या दिवशी विलासला न सांगता मीरा आम्हाला तानाजीकडं घेऊन गेली. घर, घरामागं ट्रक लावायचं मोठं मैदान, आणि मैदानाच्या कडेला गुळाच्या लिलावाच्या अड्ड्यासारखी लांबच लांब पत्र्याची शेड.

"या, या पावणं!" तानाजी दारातूनच ओरडला. तीस वर्षं त्या देशात राहून माणसाचा आवाज तेवढाच. आत नेऊन त्यानं आधी पांढरा रस्सा पुढं केला, मग तांबडा, मग ख्यालीखुशाली. चटणी त्याच्या बहिणीच्याच हातची होती, बरणी मी ओळखली. "ही कुठनं आली?" मी विचारलं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "कुणीतरी पायरीवर ठिवून जातंय म्हयन्याला."

जेवण होईपर्यंत मी दम धरला. मग लग्नाचं काढलं. तानाजीनं सरकारवर सुरुवात केली, ते बंद कुणी केलं यावर, ते उघडू कोण देत नाही यावर. विलास जे बोलायचा तेच सगळं, फक्त नावं उलटी. मी मान डोलवत राहिलो. मान डोलवायला मला कुठलाही पक्ष चालतो. शेवटी त्याचा आवाज खाली आला.

"ते सोडा दादा. देश मी बुडवला तर बुडवला. पर मामाला ई-मेल? घरी येऊन अक्षत द्याची सोडून ई-मेल? वर लिवलंय काय, 'डिअर ऑल'! मी ऑल हाय व्हय?"

मीरा म्हणाली, "मामा, पार्क बंद झालं. आपल्याकडं जागाच नाहीये."

"ठाव हाय मला." तो शेडकडं बघत होता. "चार ट्रक भायर काढतो. शेड धुऊन घेतो. हितं लावा लगीन. पर तुज्या बापानं घरी येऊन अक्षत द्याची. मग मी फेटा बांधतो."

"बाबा नाही येणार, मामा."

"मग मी बी न्हाई."

म्हणाला खरा, पण मीराकडं बघवेना त्याला. उठून मोठ्या आवाजात चालू असलेला टीव्ही बंद केला आणि कुणाचा तरी फोन आल्यासारखा बाहेर गेला. फोन टेबलावरच होता.

ट्रकांची शेड

आता माझा पराक्रम. माझ्या डोक्यात आलं, दोघांनाही हवं ते सांगून टाकावं. पिढीजात धंदाच तो. तानाजीला मी निघता निघता कानात सांगितलं, "विलास उद्या अक्षत घेऊन येतोय." घरी येऊन विलासला सांगितलं, "तानाजीनं चूक कबूल केलीया. उद्या शेड बघाय बोलावलंय." दोघंही म्हणाले, बरं. अमेरिकेचा एवढा मोठा कारभार या लोकांना का जमत नाही, याचं मला त्या रात्री आश्चर्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळी शेडवर. तानाजी नवा शर्ट घालून, केस विंचरून उभा. बायकोनं हळदीकुंकवाचं ताटसुद्धा काढून ठेवलेलं. विलास खिशात हात घालून उभा. एक अक्षतीची वाट बघतोय, एक माफीची. वरचे पत्रे वाऱ्यानं तडतडत होते. मी म्हटलं, "शेड झकास हाय."

शेवटी विलास म्हणाला, "दादा, ह्येला काय बोलायचं हुतं ते बोल म्हणावं."

तानाजी म्हणाला, "दादा, मी कशाला बोलू? ह्यो काय आणणार हुता ते आणलंय का इचारा."

"मी काय आणणार हुतो?"

"अक्षत!" तानाजी म्हणाला.

"तूच बोलवलंस न्हवं मला, तुजी चूक कबूल कराय?" विलास म्हणाला.

"मी? मी न्हाई. दादा बोललं, तू..."

आणि दोघांनी एकदम माझ्याकडं पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा दोघं एका दिशेला बघत होते.

"ह्यो पहिल्यापास्नं असलाच!" विलास म्हणाला. रागाच्या भरात माझं अहो-जाहो गेलं ते तिथंच. "यात्रेत कुस्ती लागली की दोनी पैलवानांच्या नावानं ह्योच वरडायचा!"

"तुज्या लग्नात काय केलतं ह्यानं?" तानाजी म्हणाला.

"काय?"

"बँड!"

"आयला, बँड!" विलासनं कपाळावर हात मारला. "बँडवाल्यानं इचारलं, हुपरी का कुरुंदवाड? ह्यो म्हणतोय, व्हय!"

"तुतारी, ढोल, समदं हुपरीत जाऊन बसलं! चांदीवाल्यांच्या दारात वाजवतंय कुणाचं लगीन म्हणून! आन् आमी हिकडं हलगीवर वरात काढली!"

"एकच हलगी! ती बी फुटकी!"

"फुटली न्हवती, ह्यो तिच्यावर बसलता!"

आणि विलास हसला. हसायचं नव्हतं त्याला. खोकल्यासारखं करून त्यानं तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते. तानाजीचेही हलत होते. मी मधे उभा. त्या अख्ख्या देशात ज्याच्यावर दोन्ही पक्षांचं एकमत झालं असा मी एकमेव विषय असेन.

सुमननं ती संधी वाया घालवली नाही. अंबाबाईच्या पायावर ठेवून आणलेल्या अक्षतांची पुडी तिनं पिशवीतून काढली आणि विलासच्या हातात कोंबली. "ह्यांस्नी शिव्या नंतर बी देता येतील. आधी ह्ये द्या."

विलास पुडी घेऊन उभा राहिला. शोभा त्याच्याकडं बघत नव्हती, भावाकडंही बघत नव्हती; खाली सिमेंटकडं बघत होती. विलासनं दोन पावलं टाकली, पुडी पुढं केली आणि पत्र्याकडं बघत म्हणाला, "रविवारी लगीन हाय मीराचं. यायचं."

तानाजीनं ती घेतली, ट्रककडं बघत. "बघतो," म्हणाला. मग मीरा दिसली तसं म्हणाला, "येतो की. मी न्हाई तर कोण येणार?"

माफी कुणी मागितली नाही. कुणी मागणारही नव्हतं.

रविवार

लग्न ट्रकांच्या शेडमध्ये लागलं. खाली डिझेलचा वास, वर झेंडूच्या माळा. दरवाज्यावर तानाजीनं इंग्रजीत कागद चिकटवला होता: आत राजकारण बोलायचं नाही. तो माझ्यासाठी मराठीतही लिहिला होता. जावई गोरा, बेन नावाचा, गरीब स्वभावाचा. फेटा डोळ्यांवर आला तरी तक्रार नाही. त्याच्याकडची मंडळी जिलेबी बोटांनी उलगडून बघत होती, एकीनं ती सरळ करायचा प्रयत्नही केला.

गुरुजींनी हाक दिली, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या."

शेडच्या त्या टोकाच्या खोलीतून तानाजी मीराला घेऊन निघाला. गुलाबी फेटा, पांढरा सदरा. ट्रक फिरायला ठेवलेल्या त्या लांब जागेतून दोघं चालत आली. तो माणूस चालताना सारखा खाली बघत होता, मीराचा पाय कुठं अडखळेल म्हणून. सायकल शिकवताना असंच बघत असणार. मंगलाष्टका सुरू झाल्या. तानाजी पाठीमागं उभा. मीरानं पुढं बघता बघता एक हात मागं नेला, चाचपला आणि मामाच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं. शेवटपर्यंत सोडलं नाही. समोर विलास. त्यानं ते पाहिलं. तो इतका भरभर अक्षता टाकायला लागला की निम्म्या माझ्या डोक्यावर पडल्या.

पंगतीत दोघं मेहुणे वाढत होते, एकाच ओळीत, एक मसालेभात घेऊन, एक जिलेबी घेऊन. एकमेकांशी शब्द नाही. पण माझ्या पानाशी आले की थांबायचे. "दादांस्नी इचार, भात पायजे का जिलेबी," विलास म्हणायचा. "व्हय म्हणतील," तानाजी म्हणायचा. मग दोघं पुढं.

परत

आम्ही निघालो तेव्हाही सरकार बंदच होतं. विमानतळावर सोडायला दोघंही आले, पण दोन गाड्यांतून. विलासच्या गाडीत आम्ही, तानाजीच्या गाडीत आमच्या बॅगा. शोभा कुठल्या गाडीत बसावं म्हणून फाटकात थोडा वेळ उभी राहिली आणि शेवटी बॅगांच्या गाडीत बसली. निरोप देताना दोघांनी माझ्याच खोड्या काढल्या. कोल्हापूरचं म्हणून मी दुसऱ्याच विमानात बसेन, असं एक म्हणाला. दोन्ही विमानांत बसेल, असं दुसरा म्हणाला. मला ते ऐकत उभं राहावंसं वाटत होतं. पण रांग पुढं सरकली.

आता इथं परत येऊन बरेच दिवस झालेत. तिकडचं सरकार उघडलं, असं ऐकतो. शनिवारी कट्ट्यावरची मित्रमंडळी घरी आली होती, आणि मी त्यांना सगळी हकिगत सांगितली. जरा रंगवूनच. दोन पक्ष अख्ख्या राजधानीला जोडता येत नव्हते, ते एका बावडेकरानं ट्रकांच्या शेडमध्ये कसे जोडले, इथवर आलो होतो. सुमन चहा घेऊन बाहेर आली. तिनं सगळ्यांच्या हातात कप दिले, माझा खाली ठेवला आणि मला म्हणाली, "जोडलं काय न्हाई तुमी. काल शोभाचा फोन आलता. आपुन निघाल्यापास्नं दोघं परत बोललेलं न्हाईत. एकमेकाशी बोलाय त्यांच्याजवळ तुमास्नी शिव्या द्याच्या एवढंच हुतं. ते उचलून तुमी हिकडं घिऊन आलासा."